सायबाईचा गूळ

झाकण तीनदा वाजवायचं, ताट ठेवायचं आणि मागं न बघता घरी यायचं. कोल्हापुरातल्या रिंगी गल्लीत हा रिवाज दोन वर्षांत इतका मुरला होता की बारक्या पोरांना वाटायचं, हे पूर्वापार चालत आलंय. खरं तर तो कस्तुरीच्या आईनं, म्हणजे सुरेखा मोरबाळेनं सुरू केला होता, आणि तोही फार विचार न करता.

ती दुपार कस्तुरीला चांगली आठवत होती. पंचगंगेला पूर आलेला. शेजारच्या गल्ल्यांत माळ्यापर्यंत पाणी, आणि रिंगी गल्ली मात्र कोरडी ठणठणीत. गल्लीखालून एक जुना दगडी नाला नदीकडे जातो. एरवी पुरात नदी त्या नाल्यातून उलटी आत शिरायची आणि अख्ख्या गल्लीचं वाटोळं करायची. त्या वर्षी पहिल्यांदाच नाल्याच्या तोंडाशी साय बसवली होती. तिनं ते तोंड आवळून धरलं आणि नदीला आत येऊ दिलं नाही. पाणी ओसरल्यावर आई घरातून गुळाचा खडा नि खोबऱ्याचा तुकडा घेऊन आली, घाटाकडच्या लोखंडी झाकणावर ठेवून तिनं हात जोडले आणि म्हणाली, "बाई, तुझे उपकार."

पुढच्या मंगळवारी शेजारच्या अनिताकाकूंनी ठेवला. मग सगळ्यांनीच. झाकणाला हळदीकुंकू लागलं, सायीची सायबाई झाली. आषाढ लागला तसा तिला खारा नैवेद्यही सुरू झाला. कोल्हापुरात एकदा देवपण मिळालं की मटणाच्या रश्शातून सुटका नसते.

कस्तुरी चौदा वर्षांची. शाळेत सायीवर धडा होता, त्यामुळं तिला हे सगळं बघून हसू यायचं.

"आई, ती बाई न्हाई की देवी न्हाई. ती एक पेशी हाय. एकच पेशी, लई मोठी."

"असू दे की. पेशीला भूक लागत न्हाई व्हय?"

पेशीला भूक लागते, हे कस्तुरीलाही मान्य होतं. सगळा घोटाळा तिथंच होता.

आता ही साय म्हणजे काय, ते सांगायला हवं. जंगलात कुजक्या ओंडक्यांवर एक पिवळी, बुळबुळीत गोष्ट वाढते. ती झाड नाही, प्राणी नाही, बुरशीही नाही. हातभर पसरली तरी ती एकच पेशी असते. तिला मेंदू नाही, डोळे नाहीत, पण अन्न कुठं आहे ते तिला कळतं आणि ती शिरांसारख्या नळ्या पसरत तिकडे सरकते. जिथं अन्न मिळालं तिकडची नळी ती जाड करून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी वाट शोधावी लागत नाही. हीच तिची आठवण. शास्त्रज्ञांनी तिच्यात चुना तयार करणाऱ्या जिवाणूंचा गुण घातला, तिची चाल वाढवली आणि तिला जुन्या नाल्यांत सोडलं. भेग सापडली की आत शिरायचं, फुगायचं आणि चुना सोडून ती बुजवायची, एवढंच काम. कागदोपत्री नाव होतं जीवगिलावा. पण ती दिसायची तापवलेल्या दुधावरच्या दाट सायीसारखी, म्हणून लोकांनी सरळ साय म्हटलं. तिला मोजून मापून काकवीचं पाणी मिळायचं आणि जिथं तिनं जायचं नाही तिथं मिठाची रेघ ओढलेली असायची. मीठ लागलं की ती आकसून मागं फिरायची.

निदान तेव्हापर्यंत फिरायची.

त्या मंगळवारी श्रावणातला पाऊस धरून राहिला होता. नदीनं धोक्याची खूण ओलांडली होती, वीज गेली होती, आणि भरदुपारी घराघरांतून बॅटऱ्या लागल्या होत्या. कस्तुरी तालमीत होती. सगळी गल्ली आपलं सामान तालमीच्या उंच जोत्यावर आणून टाकत होती, आणि ती कुणाची शिलाई मशीन तर कुणाचं धान्याचं पिंप चढवून देत होती. ती घरी आली तेव्हा आई दारातच उभी होती. ओली झाली होती तरी आत जात नव्हती.

"दिगू कुठाय?"

आईनं तिच्याकडे बघितलं नाही.

"आई, दिगू कुठाय?"

"घाटाकडच्या झाकणावर गुडघाभर पाणी चढलंय," आई म्हणाली. "ताट ठेवता येत न्हाई. एवढं पाणी चढलंय, आणि आजच तिला उपाशी ठेवायचं? म्हणून म्हटलं, आतनं जाऊन ठेवून यील."

नाल्यात उतरायला दोनच जागा होत्या. एक गल्लीच्या वरच्या टोकाला, तालमीपुढचं झाकण. दुसरी खालच्या टोकाला, घाटाकडचं झाकण. मधल्या बोगद्यातून वाकून जाता यायचं. गल्लीतल्या पोरांना तो पाठ होता, कारण तालमीपुढं फुटबॉल खेळताना चेंडू हटकून नाल्यातच पडायचा. दिगू, म्हणजे तिचा धाकटा भाऊ दिग्विजय, दहा वर्षांचा, वाळकुडा, चेंडू आणण्यात पटाईत.

"काय देऊन पाठवलंस?"

"गुळाची ढेप. लहान. किलोभराची."

"आई!"

"मला काय ठावं?" आई एकदम ओरडली, आणि लगेच तिचा आवाज बसला. "जाऊन लई वेळ झाला गं. यायला पायजे हुता."

कस्तुरी तालमीपुढच्या झाकणातून उतरली तेव्हा आत घोट्यापर्यंत पाणी होतं. नदीकडचं तोंड बंद, वरून पाऊस गळतोय, तो साचत चाललेला. ती बॅटरी दातांत धरून रांगत सुटली. भिंतींवर सायीचा थर होता, तो नेहमीच असायचा. पण आज सगळ्या नळ्या एकाच दिशेला, खाली घाटाकडे ताणलेल्या होत्या, आणि त्यांतून काहीतरी लाटेलाटेनं वाहत होतं. पुढं बोगदा संपला. म्हणजे संपायला नको होता तिथं संपला. वरपासून खालपर्यंत पिवळा पडदा.

"दिगू!"

"ताई?" आवाज पडद्यापलीकडून आला, अगदी जवळून. "ताई, ही वाट बंद झाली. मी आलो तवा उघडी हुती."

"लागलंय का कुठं?"

"न्हाई. मी पायऱ्यांवर बसलोय. झाकण ढकलून बघितलं, हालत न्हाई." मग जरा थांबून, "ताई, आईला सांगू नको. गूळ मी खाल्ला थोडा."

"किती?"

"थोडाच. भूक लागली हुती. हात चिकट झाले, ते शर्टाला पुसले. आता ही माझ्या चपलेपतुर आलीय."

कस्तुरीनं दोन्ही हात पडद्यात खुपसले. खरवसात बोटं रुतावीत तशी ती रुतली. तिनं ओरबाडून मूठभर लगदा काढला, फेकला, पुन्हा काढला. भोक पडायचं आणि डोळ्यांदेखत भरून यायचं. साय कुणावर डूख धरून नव्हती, हे तिला शाळेतल्या धड्यामुळं ठाऊक होतं, आणि त्या ठाऊक असण्याचा आत्ता काडीचा उपयोग नव्हता. तिला गूळ सापडला होता, ती गुळाकडे सगळ्या बाजूंनी निघाली होती, आणि तो गूळ तिच्या भावाच्या अंगाला लागला होता.

"शर्ट काढून लांब फेक!"

"फेकला की. तरी येतीय. तोंडाला पण लागलाय ना गूळ." दिगूचा आवाज आता बारीक झाला. "ताई, हितं श्वास घ्यायला जड जातंय."

साय फट ठेवत नाही. पाण्यालाही नाही, हवेलाही नाही. वरच्या झाकणाची भोकंही तिनं बुजवली होती. त्यासाठीच तर ती बनवली होती.

"मी आलोच," कस्तुरी म्हणाली. कोल्हापुरात बाया-पोरीही 'आलो' म्हणतात, 'आले' म्हणत नाहीत. "तू हलू नको. बोलू पण नको. हवा वाचव."

वर आली तर तालमीपुढं गर्दी जमली होती. मुजावर मॅडम आल्या होत्या. डॉक्टर नाझनीन मुजावर सायीची देखभाल करणाऱ्या कंपनीत होत्या, पुराच्या दिवसांत त्यांचा मुक्काम नाल्यांवरच असायचा. गमबूट चिखलानं भरलेले, रेनकोटाची बाही फाटलेली. कस्तुरीनं धापा टाकत सगळं सांगितलं. तेवढ्यात घाटाकडून आप्पा साळोख्यांचा माणूस पळत आला. तालमीचे आप्पा, वय साठीचं, पण दंड अजून तसेच. ते कमरेभर पाण्यात उभे राहून पहारीनं झाकण फोडत होते.

"थांबवा त्यांना!" मॅडम ओरडल्या. "झाकण फुटलं तर सगळं पाणी त्या पोराच्या डोक्यावर पडेल. त्यांना म्हणावं, हात लावू नका."

मग त्यांनी गाडीतून मिठाची पोती काढायला लावली. त्यांना स्वतःला बोगद्यात शिरता येण्यासारखं नव्हतं, खांदेच अडकले असते. त्यांनी कस्तुरीचे खांदे धरले.

"पडद्यावर खालून वर मीठ टाकायचं. जवळ उभं राहू नकोस. ती आकसेल, वाट मोकळी होईल, की त्याला ओढायचं आणि निघायचं. समजलं?"

"समजलं."

कस्तुरीला पुन्हा उतरताना जिवात जीव आल्यासारखं वाटलं. मीठ हा शेवटचा उपाय होता आणि तो कधी फसला नव्हता. ती पडद्याशी पोचली, पोत्याचं तोंड सोडलं आणि ओंजळीओंजळीनं मीठ मारलं. पडदा थरारला. आकसला. मध्ये हातभर फट पडली, आणि फटीतून बॅटरीच्या उजेडात दिगू दिसला. पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला, कमरेपर्यंत पिवळा.

"दिगू, हात दे!"

त्यानं हात पुढं केला. आणि साय परत आली. मिठाचे खडे अंगावर घेऊन, त्यांच्यावरून, अजिबात न थांबता. कस्तुरीनं उरलेलं अख्खं पोतं रिकामं केलं. साय मिठाकडेच वळली, ते चाचपू लागली, जणू ते उचलल्यावर खाली काहीतरी सापडणार होतं. फट मिटली.

कस्तुरी तिथंच बसून ओरडली. काय ओरडली ते तिलाही सांगता येणार नाही.

वर येऊन तिनं मुजावर मॅडमांना सांगितलं.

"मीठ ओलांडलं? असं होत नाही," त्या म्हणाल्या. मग गर्दीकडे वळून त्यांनी विचारलं, "हिला कुणी खारट काही घातलं होतं का? या झाकणांवर?"

अनिताकाकू म्हणाल्या, "आखाडात खारा निवद असतोय की, मॅडम. रस्सा, भाकरी. झाकणाच्या भोकातनं वततो आम्ही."

"किती वेळा?"

"अख्खा आखाड. सगळ्या घरांचा."

मॅडमांनी डोळे मिटले. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या अगदी हळू बोलल्या. "तिला मिठाची भीती असते कारण मिठात तिचं नुकसान होतं. पण मीठ लागलं, आणि नुकसान न होता मागून जेवण मिळालं, असं पुन्हा पुन्हा झालं की तिची भीती मोडते. तिला सवय लागते. मिठाच्या पलीकडं जेवण असतं, हे ती शिकली. आणि एका टोकाला शिकली की सगळी शिकते, कारण ती एकच आहे."

"आम्ही चांगल्यासाठी केलं हो," अनिताकाकू म्हणत राहिल्या. "आम्ही चांगल्यासाठी केलं."

कस्तुरी काही ऐकत नव्हती. तिचं लक्ष झाकणाकडे लागलं होतं. एकच आहे. तिकडं गेली कारण तिकडं गूळ आहे. मग इकडं जास्त गूळ असला तर?

"मॅडम, तिला हिकडं बोलावलं तर? झाकण वाजवून. तीनदा वाजवलं की गूळ मिळतो, एवढं तर तिला कळतंयच. ठोक्याला ती येती. मी बघितलंय."

"येईल," मॅडम म्हणाल्या. "नक्की येईल. पण कस्तुरी, ती येईल म्हणजे तिकडून सुटेल. नदीचं तोंडही तीच धरून बसलीय. ते सुटलं की नदी नाल्यात, आणि नाल्यातून गल्लीत."

साठ-सत्तर घरं. निम्म्यांचं सामान अजून आत, म्हातारीकोतारी माणसं माळ्यावर. दोन वर्षांमागं वाचलेली गल्ली.

"सगळ्यांना आधी भाईर काढू," अनिताकाकूंचा नवरा बाळूकाका म्हणाला. "मग करा काय करायचं ते."

"तोवर पोरगं राहील का?" कुणीतरी विचारलं.

"मग काय एका पोरासाठी..." बाळूकाकानं वाक्य सुरू केलं आणि मध्येच सोडलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याची आई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली होती, तिला दोघांनी उचलून आणावं लागायचं. त्यानं मान खाली घातली.

मॅडमांनी भोंगा वाजवायला माणूस धाडला. "आधी लोक," त्या म्हणाल्या. "मी दुसरं काही सांगू शकत नाही. मला माफ कर."

कस्तुरीनं आईकडे बघितलं. आई जोत्याला टेकून उभी होती. सगळे तिच्याकडेच बघत होते, आणि तिनं तोंडावर दोन्ही हात धरले होते.

"आई, सांग. काय करू?"

"मला विचारू नको," आई हातांआडून म्हणाली. "माझ्या तोंडून काय वदवू नको गं."

कस्तुरी झाकणाशी गुडघ्यांवर बसली आणि आत तोंड घालून तिनं हाक मारली. एकदा, दोनदा. आतून उत्तर आलं नाही.

मग तिनं कुणालाच विचारलं नाही. तालमीच्या जोत्यावर आप्पांचा काकवीचा मोठा डबा होता, त्यांच्या म्हशींसाठी भरून ठेवलेला, सामानात वर आणलेला. कस्तुरीनं तो ओढत आणला, डब्याचं झाकण काढलं, आणि काकवी नाल्यात ओतली. पातळ, तपकिरी धार. इथलं झाकण उघडायला आणलेली दुसरी पहार बाजूला पडली होती, ती उचलून तिनं लोखंडी कडेवर तीन ठोके मारले. थांबली. पुन्हा तीन.

बाळूकाका धावला. तो आपल्याला अडवणार असं तिला वाटलं, पण तो तिच्या बाजूनं पुढं, आपल्या घराकडे पळत सुटला होता. मग सगळीच गल्ली पळाली. भोंगा वाजायला लागला. "वर चला! तालमीत चला! पाणी येतंय!" असे ओरडण्याचे आवाज उठले आणि त्यात कस्तुरीच्या नावानं दिलेल्या शिव्याही होत्या. त्या तिनं ऐकल्या. ती ठोकत राहिली.

आणि साय आली. आधी पाण्यावर पिवळा तवंग दिसला, मग भिंतींवरच्या नळ्या फुगल्या, उलट्या वाहू लागल्या. पायऱ्या चढून ती वर आली, काठावर आली.

डबा कस्तुरीच्या हातून कुणीतरी घेतला. आई होती.

"जा," आई म्हणाली. तिनं पहारही घेतली. "मी वाजवतो. माझा ठोका तिला जास्त ठावा हाय. जा तू."

कस्तुरीनं आत उडी घेतली. पाणी कमरेला लागलं. साय तिच्या दोन्ही बाजूंनी, डोक्यावरून, पायांखालून वरच्या दिशेला चालली होती आणि ती एकटी खाली. पडदा आता जाळीसारखा विरविरीत उरला होता, ती तो फाडून आरपार गेली. दिगू पायरीवर कलंडला होता. छातीपासून साय सुटत होती, पण सावकाश, कारण त्याच्या हनुवटीला, बोटांना अजून गूळ होता. तिनं पाण्यानं त्याचं तोंड खसाखसा धुतलं, बोटं धुतली, गालावर चापट मारली.

दिगूनं मोठा, घरघरता श्वास घेतला. "ती मला आवळत हुती, ताई," तो म्हणाला.

"माहीताय. धर मला."

त्याच वेळी पाठीमागं, नदीच्या बाजूला, काहीतरी फाटलं. ओल्या गोणपाटाचा आवाज व्हावा तसा आवाज, आणि मग नुसता गडगडाट. पाण्यानं दोघांना उचललं. बोगद्यात वर-खाली काही कळेना. तिचा खांदा दगडावर आपटला, बॅटरी गेली. एक हात दिगूच्या चड्डीच्या नाड्यात अडकवला होता, तो मात्र तिनं सोडला नाही. पुढं कुठंतरी लोखंडावर ठोके पडत होते. तीन, आणि पुन्हा तीन. पाणी तिला त्या ठोक्यांकडेच नेत होतं. मग एका दांडग्या हातानं तिचे केस पकडले आणि वर खेचलं.

तो हात आप्पांचा होता. घाटाकडून पाण्यातनं चालत ते वर आले होते. त्यांच्या दोन म्हशी खालच्या टोकाला गोठ्यात बांधलेल्या होत्या. तिकडं जायचं की झाकणाशी थांबायचं, हे त्यांना ठरवायचं होतं, आणि ते झाकणाशी थांबले. पाण्याच्या लोटातून दोन पोरांना ओढून काढेल असे दंड दुसऱ्या कुणाचे नव्हते.

आई झाकणालगतच्या तालमीच्या पायऱ्यांवर होती. गुडघ्यांपर्यंत सायीनं वेढलेली, हात काकवीनं माखलेले, आणि अजून वाजवतच होती. तिला दोघांनी धरून थांबवावं लागलं.

माणूस कुणी गेलं नाही. बाळूकाकानं आईला पाठीवर घेऊन आणलं. पण रिंगी गल्लीत माळ्यापर्यंत पाणी चढलं आणि बरेच दिवस उतरलं नाही. उतरल्यावर आप्पांच्या म्हशी दाव्याला बांधलेल्याच सापडल्या. तालमीच्या पायऱ्यांवर साय वाळून पापडासारखी झाली होती. मुजावर मॅडमांनी ती खरवडून शेवटच्या कणापर्यंत जाळली. जुन्या सायीचा तुकडा नव्या सायीला भेटला की दोन्ही मिसळून एक होतात आणि जुनीला येतं ते सगळं नवीला येतं, असं त्यांनी गल्लीला बसवून समजावलं.

"नवीला काहीच माहीत नाही," त्या म्हणाल्या. "हात जोडून सांगते, तिला काही शिकवू नका."

गल्लीनं कस्तुरीशी बोलणं टाकलं नाही, पण ते पहिल्यासारखं राहिलंही नाही. ती चिखल काढायला प्रत्येक घरात गेली. लोक तिला घमेलं देत, पाणी देत, आणि नजर दुसरीकडे ठेवत. आप्पांच्या रिकाम्या गोठ्यात ती दिवसभर फावडं मारत होती, आप्पा दारात बसून होते, आणि दोघांत एक शब्द झाला नाही. रात्री ती रडली. पुन्हा वेळ आली तर आपण तेच करू, हे तिला माहीत होतं, आणि रडू त्याचंच होतं. दिगू बरा होता. फक्त चहात गूळ पडला की वास येऊन बाहेर पळायचा.

नवी साय बसल्यानंतरचा पहिला मंगळवार आला. संध्याकाळी कस्तुरी घाटाकडे गेली तर आई झाकणावर बसली होती. सरळ मांडी घालून, झाकणाच्या मधोमध, मांडीवर शेंगांचं सूप. शेंगा सोलत होती.

अनिताकाकू ताट घेऊन समोर उभ्या होत्या. त्यांच्यामागं आणखी दोघी-तिघी.

"सुरेखा, ऊठ," अनिताकाकू म्हणाल्या. "बाई रागावली म्हणून हे झालं. एवढासाच गूळ हाय. परत पाणी आलं तर?"

"रागावली न्हाई," आई म्हणाली. "तिला राग येत न्हाई आणि मायाबी येत न्हाई. तिला भूक लागती. तेवढंच येतंय तिला."

"मग आणलेलं परत नेऊ व्हय? निवद हाय तो."

आईनं सूप बाजूला ठेवलं आणि हात पुढं केला. "दे हिकडं. मी खातो."

आईनं ताटातला खडा उचलला आणि तोंडात टाकला. मग दुसरीच्या ताटातला. मग तिसरीच्या. चावत होती, गिळत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती पुढचा मागत होती. मग अनिताकाकूही खाली बसल्या आणि आपल्याच ताटातलं उरलेलं खोबरं खाऊ लागल्या.

आप्पा घाटाच्या बाजूनं आले. घास भरवायला म्हैस उरली नव्हती, तरी त्यांच्या हातात फडक्यात बांधलेला गुळाचा तुकडा होता. म्हशींना रोज संध्याकाळी द्यायचे तेवढाच. त्यांनी तो आईला दिला नाही. कस्तुरीपुढं धरला.

"खा," ते म्हणाले. "टाकायचा न्हाई."

कस्तुरीनं तो घेतला. तोंडात घालवत नव्हता, पण तिनं खाल्ला.

अंधार पडायला लागला तसं आईनं सूप काखेत घेतलं आणि उठायला झाकणावर हात टेकला. दमली होती, मन कुठं दुसरीकडंच होतं. तिची बोटं आपसूक उचलली गेली आणि लोखंडावर पडली. एकदा. दोनदा.

दिगू इतका वेळ लांब, भिंतीला चिकटून उभा होता. झाकणाजवळ यायची त्याची छाती होत नव्हती. तो धावत आला आणि तिसरा ठोका पडायच्या आत त्यानं आईचा हात पकडला. घर येईपर्यंत त्यानं तो सोडला नाही.